यादीतली रिकामी ओळ

पोस्टर भिंतीला लागलं की डॉक्टर दहा पावलं मागे जायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि विचारायचे, "आता काय उरलं?" आपण म्हणायचं, "नुसता लाल पट्टा." मग ते समाधानाने म्हणायचे, "म्हणजे बाकीचं लिहिलं नसतं तरी चाललं असतं."

हे काही औषध देणारे डॉक्टर नव्हेत. सिंगापूरच्या एका विद्यापीठात, माणसाची नजर कुठे जाते आणि कुठे अडते, यावर ते संशोधन करायचे. पण आमच्या मराठी गोतावळ्याला 'डोळ्यांचं काहीतरी' एवढं कळलं आणि तेवढं पुरलं. कुणी चष्म्याचा नंबर विचारायचं, कुणी आईच्या मोतीबिंदूबद्दल सल्ला. ते न चिडता सांगायचे, "डोळ्याच्या पुढचं मला कळत नाही हो. मागचं थोडंफार कळतं." तुमच्याही ओळखीत असा एखादा डॉक्टर असेलच.

क्वीन्सटाउनच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन ते एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. रविवारी पुंगोलला आमच्याकडे जेवायला यायचे आणि ताटातली चटणी भाजीपासून लांब सरकवायचे. "जवळ ठेवलं की डोळा त्यांना एकाच घरातली समजतो." माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागायची, "अंकल, जस्ट ईट लाह!"

२०१८चा गणेशोत्सव. पुढच्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशात राहूनही गावच्या मतदारयादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र तिथेच जावं लागतं. उत्सवात नोंदणीचं टेबल मांडायची कल्पना डॉक्टरांची, आणि हाताखाली मी. पोस्टर इथल्या मराठी मंडळाच्या समितीने केलं. वर हातभर गणपती आणि खाली दाटीवाटीने अकरा ओळी. "मंगल दिसलं पाहिजे," सचिव म्हणाले. डॉक्टरांनी नुसते डोळे अर्धे मिटले.

दिवसभर लोक आले. पोस्टरपुढे थांबले, हात जोडले आणि जेवणाच्या रांगेकडे वळले. एका आजींनी खाली दूर्वाही ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकच फॉर्म भरला गेला, तो डॉक्टरांचा स्वतःचा. मी लोकांच्या नावाने बोटं मोडायला लागले, तर म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? आपण देऊळ मांडलं, त्यांनी नमस्कार केला."

एवढा जीव का आटवताय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. वाशिमजवळच्या त्यांच्या गावात पाणवठा वेगळा, वस्ती वेगळी. मतदानाच्या दिवशी मात्र आजोबा पहाटे अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून रांगेत सगळ्यांत पुढे उभे राहायचे. पाटील आले तरी त्यांच्या मागे. "वर्षानुवर्षांत तेवढी एकच रांग होती हो," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पोस्टर आणलं आणि ते जेवणाच्या रांगेशेजारी लावलं, कारण तिथे माणूस आपणहून उभा असतो. त्यावर मतदारयादीच्या पानासारखी नुसती यादी होती. एकाखाली एक, सारख्या अंतराने नावं, आणि मध्येच एक ओळ कोरी. ना चित्र, ना घोषणा. "सारखं सारखं दिसलं की डोळा सरळ पुढे पळतो. खंड पडला की ठेचकाळतो," एवढंच ते म्हणाले. सचिवांनी तोंड वाकडं केलं.

आणि आपल्या माणसांचं तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याची चूक दिसली की ती दाखवल्याशिवाय घास उतरत नाही. पहिले काका ताट हातात घेऊनच आले. "अहो, इथे एक नाव राहिलंय!"

"हो ना," डॉक्टर फॉर्म पुढे सरकवत म्हणाले, "तुमचंच."

त्या दिवशी आम्हाला पेनं कमी पडली. चूक दाखवायला शेवटी सचिवही आले, आणि त्यांनीही निमूट फॉर्म भरला.

दोन महिन्यांनी एकेकाचे निरोप यायला लागले, नाव लागलं म्हणून. डॉक्टरांचं लागलं नाही. पासपोर्टवरच्या पत्त्यावर चौकशीला, मतदारयादीच्या कामाला लावलेले गावातलेच एक मास्तर गेले होते. त्यांनी विचारलं, मुलगा इथे राहतो का? आई म्हणाली, "नाही बा. पाच वर्षं झाले, आला नाही." मास्तर तेवढंच लिहून घेऊन गेले.

हे सांगताना डॉक्टर आधी हसले. मी म्हटलं, "पुन्हा भरू. आईंना फोन करून सांगून ठेवा, मुलगा परदेशात असतो एवढं म्हणा म्हणावं."

"ती चुकीचं काय बोलली?" ते म्हणाले. त्या रविवारी ताटात चटणी भाजीत मिसळली तरी त्यांनी ती सरकवली नाही.

जानेवारीत त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. विद्यापीठ वाढवून द्यायला तयार होतं, डॉक्टरांनीच नको म्हटलं. चांगी विमानतळावर निरोप देताना मी परदेशातल्या मतदारांच्या फॉर्मची आठवण केली. म्हणाले, "तो नको. आता साधाच भरतो, गावात राहणाऱ्यांचा." मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगते, मला रडू आलं.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. मास्तर पुन्हा चौकशीला आले होते. डॉक्टर ताटावरून उठून दाराशी जाणार, तोच आई पुढे झाली आणि मास्तरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "राहते ना पोरगा इथंच. हे काय, जेवून राह्यला."