समोरच्या बाई

३ जुलै रोजी सकाळी शाळेच्या कार्यालयात मी एका उमेदवार बाईंकडून अर्जाची फी म्हणून दोनशे पंचवीस रुपये घेतले आणि पावती फाडली. ज्या इमारतीत त्यांनी पाच वर्षे एक पैसाही न घेता मुलांना शिकवले, त्याच इमारतीत नोकरी मागण्यासाठी त्यांना पैसे भरावे लागले. पावतीवर शिक्का मारताना माझा हात जरा जोरातच पडला. शिपाई म्हणाला, "साहेब, टेबल संस्थेचं आहे."

त्या बाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. मी तिला सूनबाई म्हणतो, ती मला काका. शाळेत हे नाते मी कधी लपवले नाही आणि कधी वापरलेही नाही. मी इथला हिशेबनीस. नेमणुका करणारे वेगळे.

शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांसाठी एक वर्ग चालतो, जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत. तिथला नळ गळतो आणि ओट्यावर अजून आम्लाचे डाग आहेत. शिकवणारे सगळे बाहेरचे, स्वतःहून येणारे. हौस फिटली की बहुतेक जण येईनासे होतात. सूनबाई शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन घरी बसली होती, तेव्हा मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या, "इथं शिकवत राहा. जागा निघाली की तुमचा विचार आधी होईल." या एका वाक्यावर ती पाच वर्षे येत राहिली.

तिची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ती मुलाच्या शेजारी न बसता समोर बसे आणि त्याच्या वहीत उलटे लिही, म्हणजे मुलाला ते सुलटे दिसे. आकडे, अक्षरे, भागाकाराची सगळी उतरंड ती तशीच मांडायची.

"शेजारी बसलं की मूल माझ्या हाताकडे बघतं," ती म्हणे. "समोर बसलं की मला त्याचं तोंड दिसतं. कुठं अडलंय ते आधी तोंडावर येतं."

मुले तिला समोरच्या बाई म्हणत. शिक्षकांच्या खोलीत तिचे नाव निराळे होते. तिथे ती फुकट बाई होती. घरी वहिनी, म्हणजे तिच्या सासूबाई, दार उघडतानाच विचारायच्या, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या का?"

"झाल्या, आई. आता घरच्या भाजते. तवा तापवलात का?"

वहिनी तेवढ्यापुरत्या स्वयंपाकघराकडे वळत. पण पुतण्याचा पगार पुरत नव्हता, आणि ही नोकरी मिळाली नाही तर सूनबाईला एखाद्या दुकानात गल्ल्यावर बसावे लागणार होते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, तिला सर्वांत जास्त.

मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराने सहावीच्या वर्गावर नमुना पाठ द्यायचा होता. शेवटच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ बसले होते. गुणांचे कागद गोळा करण्यासाठी मी दाराशी होतो. तिच्या आधीच्या उमेदवाराने रंगीत खडूने फळ्यावर वर्तुळ काढले, त्याचे भाग पाडले, मुलांकडून व्याख्या एका सुरात वदवून घेतली आणि घाम पुसत तो बाहेर आला.

सूनबाई आत गेली आणि म्हणाली, "अपूर्णांकांची बेरीज. कोणाला कुठं अडतंय?"

संध्याकाळच्या वर्गात याच प्रश्नाने सुरुवात होत असे आणि लगेच हात वर होत. इथे मागे अध्यक्ष बसलेले. भर वर्गात आपले अडते असे कोण सांगणार? मुले वह्यांत डोकी घालून बसली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने खांद्यापर्यंत हात उचलला. सूनबाईला हायसे वाटले. खुर्ची ओढून ती त्या मुलीच्या समोर बसली आणि पेन्सिल घेऊन उलटे लिहू लागली.

वर्ग आधी गप्प होता. मग कुजबुज सुरू झाली. मग एक खोडरबर या रांगेतून त्या रांगेत गेले. मी दाराशी खाकरलो, पुन्हा खाकरलो. तिला ऐकूच आले नाही. त्या मुलीला बेरीज समजली, ते मला दारातूनही दिसले. घंटा झाली तेव्हा फळा कोरा होता.

तज्ज्ञ म्हणाले, "तळमळ आहे बाईंची. पण वर्ग कुठं होता?"

अध्यक्ष म्हणाले, "शिकवणीच्या बाई आहेत त्या. वर्गाच्या नव्हेत."

तज्ज्ञांचे म्हणणे खोटे नव्हते. मलाही ते पटले, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. अख्ख्या वर्गासमोर उभे राहणे ही वेगळी विद्या आहे आणि ती उभे राहूनच येते. पाच वर्षांत या लोकांनी तिला एकदाही फळ्यापाशी उभे केले नव्हते. सकाळी एखादे शिक्षक गैरहजर असले की वर्गावर शिपायाला बसवत, तिला बोलावत नसत. पोहायला शिकवतो असे सांगून पाच वर्षे विहिरीतून पाणी उपसून घ्यायचे, मग एक दिवस आत ढकलून म्हणायचे, बघा, बुडाली.

जागा रंगीत खडूवाल्या उमेदवाराला मिळाली. वरून मुख्याध्यापिकांनी तिला जिन्यापाशी गाठले. "वाईट वाटून घेऊ नका हं. संध्याकाळी येताय ना? चाचणी जवळ आलीय."

"येते," सूनबाई म्हणाली.

घरी जाताना माझा तोल गेला. "येते काय? कामापुरता मामा, ताकापुरती आजी, असला कारभार आहे यांचा. तुला कळत कसं नाही?"

"कळतंय. पण काका, ओरडायचं तर त्यांच्या खोलीत ओरडा. रस्त्यात माझ्यावर कशाला?"

ती बोलली ते बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मुख्याध्यापिकांच्या खोलीत आली. मी बिलांवर सह्या घेत तिथेच उभा होतो.

"मॅडम, मला वर्ग सांभाळता येत नाही हे काल मलाही कळलं. आता ते शिकवा. गैरहजर शिक्षकांचे तास मला द्या, मागे बसून चुका सांगा. आणि तासाचा जो दर असेल तो द्या."

"बाहेरच्या माणसावर सकाळचा वर्ग कसा सोपवणार?"

"संध्याकाळचा सोपवता."

"ती सेवा झाली."

"मग सेवा आजपासून बंद," सूनबाई म्हणाली आणि नमस्कार करून निघून गेली. आवाज जराही चढला नव्हता.

पुढे काही दिवस मुले प्रयोगशाळेच्या दाराशी जमत आणि परत जात. मग पालक कार्यालयात येऊ लागले. मुख्याध्यापिका त्यांना माझ्याकडे पाठवत, मी त्यांना परत मुख्याध्यापिकांकडे पाठवी. नव्याने नेमलेल्या सरांना संध्याकाळी थांबायला सांगितले, तर ते म्हणाले, "माझी वेळ घंटेपर्यंत." त्यांचे काही चुकले नाही. ज्याला पगार असतो त्याला वेळही असते.

शेवटी अध्यक्ष माझ्यावरच घसरले. "तुमच्या सुनेनं शाळा वेठीला धरलीय."

"तिनं फक्त येणं थांबवलंय," मी म्हणालो. "एक बिनपगारी बाई आली नाही म्हणून शाळा अडत असेल, तर वेठीला कोण होतं?"

त्यानंतर गैरहजर शिक्षकांचे तास तिला मिळाले, तासाला साठ रुपये या दराने, आणि संध्याकाळचा वर्गही पुन्हा सुरू झाला. सुरुवातीचे तास फार वाईट गेले. तिचा घसा बसला. एकदा सवयीने ती एका मुलासमोर बसली, तर मागच्या मुलांनी बाके वाजवली. मुख्याध्यापिका मागे बसून चुका सांगत, हे मान्य केले पाहिजे. हळूहळू तिने तोड काढली. अडलेल्या मुलालाच ती फळ्यावर लिहायला लावी आणि स्वतः बाजूला उभी राहून सगळ्या वर्गाची तोंडे वाची.

वर्षभराने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जागा निघाली. तिथे तिने याच पद्धतीने पाठ दिला आणि तिची निवड झाली.

त्यानंतरच्या पालकसभेत आमचे अध्यक्ष म्हणाले, "आमच्या सेवावर्गातून एक शिक्षिका घडली, याचा संस्थेला अभिमान आहे." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पुढच्या रांगेत नुकत्याच पदवीधर झालेल्या दोन मुली मान डोलवत होत्या. मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या, "तुम्हीही या. जागा निघाली की तुमचा विचार आधी होईल."

सभा संपल्यावर मी त्या मुलींना जिन्यात थांबवले. "या, जरूर या. मुलांना गरज आहे. पण पहिल्याच दिवशी सकाळचा तास मागा, आणि तो लेखी घ्या."

मुख्याध्यापिका मागेच होत्या. "साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"तुम्ही सहा वर्षांपूर्वी बोललात ना, त्या वाक्याच्या."

सूनबाई आता त्या शाळेत सहावीला गणित शिकवते, पूर्ण पगारावर. आमच्या शाळेतल्या तिच्या शेवटच्या तीन तासांचे एकशे ऐंशी रुपये अजून देणे आहेत. बिलावर अध्यक्षांची सही झालेली नाही.