नियम क्रमांक सात आणि साबणातला नवरा

लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात दिवस बाकीच्या शहरापेक्षा एक दिवस आधी उजाडला होता. यात माझा काडीचाही दोष नाही, असं मी सकाळी सव्वादहापर्यंत मानत होते.

मी शाळेत वेळापत्रक लावणारी बाई. शाळा बंद झाली, वर्ग गेले, म्हणून मी घरच्यांचं वेळापत्रक लावलं. फ्रिजवर कामांचा तक्ता आणि फाटकावर दहा नियमांचा कागद. खाली आम्ही राहतो, वर शिंदेमावशी. फाटक एकच, म्हणून नियमही एकच. (मावशींना विचारलं नव्हतं. नियम काय विचारून करतात?) नियम चार : वरच्यांनी-खालच्यांनी एकमेकांची वस्तू हातात घेऊ नये. नियम सात : बाहेरून आलेली वस्तू तीन तास उन्हात ठेवावी. पहिल्याच आठवड्यात मावशींनी आमच्या पायरीवर गरमागरम धपाटे आणून ठेवले. मी ते चिमट्यानं उचलून नियमाप्रमाणं तीन तास उन्हात ठेवले. त्यांचे पापड झाले! मावशी गॅलरीतून सगळं बघत होत्या. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

तक्त्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ होती पाण्याची. तेव्हा आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत सहाव्या दिवशी नळ यायचा. म्हणून मी पाच चौकोन आखले होते. रोज सकाळी एका चौकोनात फुली मारायची. पाच फुल्या झाल्या, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाणी! त्या दिवशी फुली मारायला गेले, तर पाचही चौकोन भरलेले. म्हणजे पाणी आजच!

आता आमच्या शहराचा एक रिवाज सांगते. वर्षभर आम्ही पाण्यासाठी रडतो, पण नवं पाणी येणार म्हटलं, की पिंपातलं कालपर्यंत गोड असलेलं पाणी एकदम 'शिळं' होतं! मी दोन्ही पिंपं चिक्कूच्या झाडाला ओतली, उरल्यासुरल्यात अंगण धुतलं, पिंपं घासून उन्हात पालथी घातली.

"ताई, पाणी काहून ओतायलात?" मावशींनी वरून विचारलं.

"आज नळाचा दिवस ना, मावशी!"

"आज? उद्या हाय की वो!"

"तक्त्यात आज आहे."

"व्हय, पण नळाला ठाव हाय का, तक्त्यात काय हाय ते?"

मागच्या बाकावरच्या मुलांसाठी राखून ठेवलेलं हसू मी त्यांना दिलं आणि आत आले.

आत वेगळीच गडबड होती. यांची वाळूजची कंपनी बंद होती आणि अकरा वाजता मोबाईलवर मोठ्या साहेबांची मीटिंग होती. गेट उघडल्यावर पहिल्या तुकडीत कोणाला बोलवायचं, ते तिथंच ठरणार होतं. (माझ्या तक्त्यात भांडी यांच्याकडं होती. कामावर परत जायची यांना किती घाई होती, ते वेगळं सांगायला नको.) त्यामुळं हे पावणेदहालाच आंघोळीला बसले. न्हाणीत उरलेली अर्धी बादली अंगावर ओतून घेतली आणि नळ येणारच आहे या भरवशावर केसांपासून टाचांपर्यंत साबण चोपडला.

"अगं, पाणी!"

"दहाला येतंय!"

"दहा वाजले!"

मी नळ सोडला. नळ म्हणाला, "फुस्स!"

सव्वादहा वाजले. नळ गप्प. मी फ्रिजकडं धावले.

"आई, या तक्त्याला कोणी हात लावला होता का?" मी सासूबाईंना विचारलं.

"परवा दिवा लावताना लक्षात आलं, तू फुली मारताना दिसली नाहीस. मग मीच मारली."

"अहो, मी सकाळीच मारली होती!"

"मला काय माहीत? तूच लिहून ठेवलंयस ना, 'राहिलेलं काम ज्याच्या लक्षात येईल त्यानं करावं'?"

लिहिलं होतं. लाल शाईत. खाली दोन रेघा मारून.

घरात आता फक्त पिण्याचा माठ होता आणि त्यावर सासूबाई हात ठेवून उभ्या होत्या. "याला शिवायचं नाही! उद्यापर्यंत पुरवायचाय."

"साबण वाळायला लागलाय गं!" आतून आवाज आला. "डोळा उघडत नाहीये!"

साडेदहाला मी अंगणात जाऊन मान वर केली.

"मावशी, एक बादली पाणी मिळेल का?"

"मिळंल की! पण नियम चार काय म्हणतो? हातात घ्यायचं नाय."

"दोरीनं सोडा ना खाली!"

"सोडते. पण मग नियम सात हाय. तीन तास उन्हात ठिवा."

"मावशी, हे साबणात आहेत!"

"माझे धपाटे तुपात व्हते!"

मी दोन्ही हात जोडले. "चुकलं, मावशी. त्यांची नोकरी पणाला लागलीय."

मावशी विरघळल्या, पण नियमात राहून! "हातात घेऊ नये असं लिवलंय, अंगावर घेऊ नये असं नाय लिवलं. आना भाऊला अंगनात!"

आणि मग आमच्या गल्लीनं ते दृश्य पाहिलं. पंचा गुंडाळलेले, पांढरेफटक, डोळे मिटलेले हे गॅलरीखाली उभे, आणि वरून मावशी बादली कलती करताहेत! लॉकडाऊनमुळं सगळी गल्ली घरीच होती. प्रत्येक गच्चीवर माणूस.

"भाऊ, डावीकडं सरका! कानामागं राह्यलंय!" मावशी सूचना देत होत्या. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

अकराला दोन मिनिटं कमी असताना हे वर इस्त्रीचा शर्ट, खाली ओला पंचा असे मोबाईलसमोर बसले. साहेब म्हणाले, "वा! तुमच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय! घरी राहणं मानवलंय तुम्हाला." मी मनात म्हटलं, आता ठेवतात यांना घरीच! पण पहिल्या तुकडीत यांचं नाव आलं. हे इतक्या जोरात "येतो, साहेब!" म्हणाले, की घासायला ठेवलेली कढईसुद्धा दचकली असेल.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला पाणी आलं. फाटकावरच्या कागदाखाली तोवर जाड पेनानं अकरावा नियम उमटला होता : 'नळाचा दिवस खालच्या ताईला विचारू नये.'

शिस्त म्हणजे शिस्त. मी तो नियम फ्रिजवरच्या तक्त्यात उतरवून घेतला आणि वाचला म्हणून पुढं एक फुली मारली.

संध्याकाळी दिवा लागल्यावर पाहिलं, तर तिथं दोन फुल्या होत्या.