गावठी कोंबडा आणि माझा जबडा

माझा जबडा आता अजिबात दुखत नाही, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

झोपेत दात आवळून आवळून तो ठणकायचा. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी स्नायू सैल करायची इंजेक्शनं सुरू केली, त्याला काही वर्षं झाली. "दुखणं थांबेल, पण स्नायू बारीक होत जाईल. कडक काही चावू नका," ते म्हणाले होते. झालंही तसंच. ठणका गेला, गाल आत गेले, चकलीसुद्धा चहात बुडवून खायची वेळ आली. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये मी "योगा करतो" असं सांगत फिरलो. (सुरकुत्या घालवायला नट्या घेतात तेच हे औषध, असं कसं सांगणार?)

मग आमच्या मुलीचं, मानसीचं लग्न ठरवायला आम्ही तिघं वांगणीला गेलो. मुलाचे वडील शेतकरी, पाहुणचार दणकट: चुलीवरचा गावठी कोंबडा. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलीच्या बापाने पहिला घास खाऊन "झकास" म्हणायचं, मगच बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा.

मी तंगडीचा तुकडा तोंडात घातला आणि चावू लागलो. चावतच राहिलो. पंगत थांबलेली, रस्सा निवलेला, आणि कोंबडा काही केल्या माघार घेईना.

"आवडला नाय वाटतं," व्याही म्हणाले.

मी घाईघाईने हसून दाखवलं. पण नुकत्याच घेतलेल्या इंजेक्शनामुळे हसू एकाच बाजूला चढलं.

"हसतायत बघा आपल्याला," विहीणबाईंचा चेहरा उतरला. व्याही ताटावरून उठायला लागले.

मानसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, गिळा ना!"

मी अख्खा तुकडा गिळला. तो घशात अडकला. नवऱ्या मुलाने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला, की तुकडा सुटून थेट व्याह्यांच्या ताटात.

तेव्हा बायकोचा धीर सुटला. "अहो, ह्यांना जबड्यात इंजेक्शनं देतात. नट्या घेतात ती. चावताच येत नाही ह्यांना."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर करायची सोय उरली नाही.

विहीणबाईंनी माझं ताट ओढलं, कोंबडा बोटांनी कुस्करून भातात कालवला आणि पुढे सरकवला. "आधी सांगायचं ना भाऊ. खा आता."

मी खाल्लं. "झकास" म्हणालो. मग सगळे जेवले आणि लग्नही ठरलं.

लग्नाच्या दिवशी मुलीचा बाप म्हणून ऐटीत पंगतीला बसलो, तर त्यांच्या माणसांनी प्रेमाने हात धरून मला लहान मुलांच्या रांगेत नेलं. वाढप्याने विहीणबाईंना विचारलं, "ह्यांना तिखट चालतं का?"

"नको," त्या म्हणाल्या, "ठसका लागेल."