लॅपटॉपला घातलेली झेंडूची माळ

दोन हजार एकोणीस साल. मला एकाहत्तर वर्षं झाली होती आणि तोवर एकाही यंत्रापुढे मी मान खाली घातली नव्हती.

शाळा मी तिसरीपर्यंत पाहिली. पण पाळी गावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिजाचे ट्रक जन्मभर हाकले. चढावर इंजीन उकळलं की भिजवलेलं गोणपाट कुठे टाकायचं, हे मला झोपेतून उठवून विचारा. (बायको म्हणते, झोपेतही तेच बडबडता.)

त्या वर्षी आमच्या घरात दुसरंच इंजीन आलं. माझी नात सायली संगणकावर न बांधलेल्या घरांची चित्रं करते. चित्रं कसली, सिनेमाच! तिचा तो जाडजूड लॅपटॉप पहिल्यांदा कामाला लागला तेव्हा मी अंगणात पळालो. वाटलं, कोणाचा तरी भरलेला ट्रक चढ चढतोय. आत येऊन बघतो तर जेवणाच्या टेबलावर हा घुमतोय. पडद्यावर एक ओसरी, तिच्यावर सकाळचं ऊन, आणि ऊन पुढे सरकेल तशी खांबाची सावली सरकते.

"ह्यां ऊन कोणी घातल्यान?" मी विचारलं.

"तोच घालता, आजो. एकेक किरण खंय पडतलो ता तो मोजता. म्हणान तापता."

मी त्याच्या पाठीला बोट लावलं आणि लगेच काढलं. हातभर पेटीत सूर्य बसवलाय, मग तापणारच. त्या दिवसापासून मी त्याच्यासमोर चप्पल घालून गेलो नाही.

दसऱ्याच्या दिवशी हा सूर्य रात्रीपासून सुरूच होता. बेंगळुरूच्या एका कंपनीने सायलीला परीक्षेचं काम दिलं होतं. संध्याकाळी आठच्या आत सिनेमा पाठवला आणि आवडला, तर नोकरी. कंपनीला दसरा-बिसरा ठाऊक नव्हता. "तेका कोण हात लावू नका," एवढं बजावून पोर आंघोळीला गेली.

मी हात लावणार नव्हतोच. पण कोयता, पिकास, स्कूटर, मिक्सर सगळ्यांची पूजा झाली, आणि जो उद्या नातीला पोसणार तो तसाच कोरडा? मनाला पटेना. अलगद उचलून त्याच्याखाली माझी लोकरीची शाल घडी करून घातली. पाहुण्याला कोणी फळीवर बसवत नाही. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. पाठीमागे त्याला एक जाळी होती, तिथून गरम वारा येत होता. अगदी ट्रकाच्या तोंडासारखी. तिच्यावर झेंडूची माळ चांगली तिपदरी बसवली आणि हात जोडले. तो आणखी जोरात घुमायला लागला. मला वाटलं, खूश झाला.

सायली ओल्या केसांनी बाहेर आली.

"आजो, ह्यां काय केलंस?"

"पूजा."

"माळ काढ पयली. तेका श्वास घेवक गावणा नाय."

"पूजेची माळ दिवस मावळल्याबगर काढीत नाय. ट्रकाच्या जाळयेर माळ घालून मी धक्क्यार गेललंय. कधी बंद पडलो नाय."

"ट्रकाचो फॅन केवडो, ह्येचो केवडो? हो खालसून वारो ओढता, तू खाली शाल घातलंस. मागसून सोडता, थंय माळ. बघ, सकाळी पडदो म्हणत होतो, काम दुपारपर्यंत संपतला. आता म्हणता उद्या."

"ताप वाढलो म्हणान तो आपणच हळू चलता?"

"व्हय. जळू नये म्हणान."

मी थक्क झालो. एवढी अक्कल माझ्या एकाही क्लीनरला नव्हती. पण माळ काही काढू दिली नाही. शब्द म्हणजे शब्द. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमी मिक्सरात सुद्धा फुलां घातल्यात. चटणी कशी वाटू?" मी तिला उत्तर देणार, एवढ्यात लॅपटॉपचा आवाज थांबला. पडदा काळा. घरभर भाजलेल्या झेंडूचा वास.

सायली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि ओठ चावत त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. मग माळ मीच काढली. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता.

"गोणपाट भिजवून हाडू?" मी हळूच विचारलं.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गोणपाटाचा विषय सोडला.

तो निवल्यावर तिने तळाचे स्क्रू काढले. आत बघून माझा आ वासला. तांब्याच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्या टोकाला पापडाएवढे पातळ दोन पंखे. म्हणजे रेडिएटरच, पण मुंगीने बांधलेला! एका पंख्याच्या पात्यात तांदळाचा दाणा अडकला होता, कुंकू लागलेला. नाकारायला जागाच नव्हती. बाकी सगळी पाळीची लाल धूळ. खाणी बंद झाल्या, धूळ काही निवृत्त झाली नाही.

तिने पंखा बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ काढली. तांब्याखालची, ताप ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती पुसून नव्या ट्यूबमधली थेंबभर लावली.

"इतकीच? मी ग्रीस मुठीन घालतंय."

"म्हणानच तुझो ट्रक चिकट होतो."

मग तळाखाली वारा खेळावा म्हणून लॅपटॉप भांडी निथळायच्या जाळीवर ठेवला, बाजूला टेबलफॅन लावला. तो सुरू झाला. आधीची चित्रं शाबूत होती, उरलेली तो पुन्हा मोजायला लागला. मी विंझणा घेऊन वारा घालत बसलो.

"आजो, तुझ्या वाऱ्यान तेका कायएक होणा नाय."

"मग थांबू?"

"नको. तू बसलंस काय घर शांत ऱ्हवता."

पावणेआठला सिनेमा गेला. जेवण वाढताना सायलीचा फोन वाजला. तिने ऐकलं, "थँक्यू" म्हणाली आणि आजीच्या गळ्यात पडून रडली. पुढच्या महिन्यापासून नोकरी. मी ताटावरून उठून त्या लॅपटॉपला नमस्कार केला. लांबूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर चहा प्यायला गेलो. पहिल्या कपाला सायलीने लॅपटॉप दुरुस्त केला. दुसऱ्या कपाला तो आम्ही दोघांनी केला. तिसऱ्या कपाला सायली गोष्टीत नव्हतीच. हॉटेलवाला काउंटरखालून आपल्या मुलाचा लॅपटॉप काढून म्हणाला, "काका, हो पण तापता. तुमीच बघा." नाही म्हणणं माझ्या जिभेला कधी शिकवलंच नाही. तो घेऊन मी घरी आलो. सायली अजून झोपली होती, आणि तिला उठवायची माझी छाती होईना. म्हणून तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो, तो लॅपटॉप दोन्ही हातांवर, नुकतं जन्मलेलं पोर धरतात तसा धरून.