चहा आवडला म्हणाल्या

“मुसलमानाच्या घरात कुत्रं कुठं चालतंय, राव?” — जुन्नरला सलीमचाचांच्या गल्लीच्या तोंडाशी आमचा जीपवाला पानवाल्याला म्हणाला. सहज, हसत. मी उतरत होते. ऐकलं, आणि ठेवून दिलं.

पुढचं मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

सलीमचाचांचं बांगड्यांचं दुकान आहे; आमच्या घरच्या बांगड्या तिथल्याच. काचबिंदूनं नजर गेली, तरी मनगट चाचपून ते नेमक्या मापाची बांगडी काढतात. अडचण एकच — घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता. चाचींना फार चालवत नाही; मुलगी सासरी गेल्यापासून कुणी हात धरून नेईपर्यंत ते उंबऱ्यावर बसून राहतात. म्हणून त्यांनी अंधांना वाट दाखवणारे कुत्रे देणाऱ्या संस्थेकडे अर्ज केला. अर्ज मीच भरला — इंग्रजीत होता ना.

आणि कुत्रा? आमचा ब्रूनो. संस्थेनं तो दोन महिन्यांचा असताना अवसरीला आमच्याकडे वाढवायला दिला होता. वर्षभर मी त्याला ट्रॅक्टरच्या आवाजातून, बाजारच्या गर्दीतून फिरवलं. मला माणसांशी बोलायला जमत नाही. त्याच्याशी बोलावं लागत नसे. मग तो प्रशिक्षणाला गेला, तयार झाला. तो दुसऱ्या कुणासाठी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं — पण माहीत असून काय होतं?

शेवटी, कुत्रा देण्याआधीची घरभेट — तोच जीपचा दिवस. ट्रेनर बाई बाहेरच्या राज्यातल्या, मराठी येत नव्हती. म्हणून सोबत मी. घर जुळलं नाही, तर दुसरं मिळेपर्यंत ब्रूनो माझ्याकडे येणार होता. चाचींनी चहा दिला. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, कुत्रा घरात राहिलेला चालेल ना, विचार त्यांना.

मी विचारलं नाही. धर्मामुळे चालणार नाही, असं सांगून टाकलं. खोटं शोधावंसुद्धा लागलं नाही — ते तयारच होतं. बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं.

“काय म्हनल्या बाई?” चाचांनी विचारलं.

“चहा आवडला म्हणाल्या.”

ते इतके खूश झाले, की चाचींना आणखी एक कप करायला लावला.

ब्रूनो परत आला. दुसरं घर मिळालंच नाही. दोन वर्षं तो आमच्या ओट्यावर लोळतोय. शिकलेलं बहुतेक विसरलाय. हेच हवं होतं का मला?

परवा मावसबहिणीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला गेले. चाचांनी माझा हात हातात घेतला.

“लई वाट पाहिली, बेटा. मौलानांनाबी विचारलं व्हतं. कामाचा कुत्रा हाय, ठेव म्हनले. हितं फळीखाली जागाबी केली व्हती त्याला. पन माझं वय झालं, म्हनून नसंल दिला. संस्थेचं बराबर हाय.”

चार बांगड्या चढल्या होत्या. पाचवी त्यांच्या बोटांत होती.

“चाचा, वयाचा काही संबंध नव्हता,” मी म्हणाले. “तुमच्या घरात कुत्रा चालणार नाही, असं मी सांगितलं. तुम्हाला न विचारता. मला तो माझ्याकडे ठेवायचा होता.”