दोन ओळींत फाशी

निकालपत्र जाडजूड होतं. खून कसा झाला, हत्यार कुठं सापडलं, कोण काय बोललं, सगळं पानोपानी. आरोपीच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल मात्र दोनच ओळी: आरोपी तरुण आणि गरीब आहे. शिक्षा कमी करावी असं दुसरं काही समोर आलेलं नाही.

मी नांदेडला समाजकार्य शिकवते. फाशीची शिक्षा झालेल्या या माणसाची जन्मापासूनची हकीकत शोधून वरच्या कोर्टापुढे मांडायचं काम त्याच्या नव्या वकिलांनी मला दिलं होतं. ज्या घरी तो सालगडी होता, तिथल्याच नवरा-बायकोला त्यानं मारलं होतं. त्याबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही.

त्याची थोरली बहीण जळकोट तालुक्यात राहते. ओसरीवर तूर पाखडत होती. मी कशाला आले ते सांगितलं, तसं तिचं सूप थांबलं.

"त्याचं लहानपण इचारायला आलाव? आता?"

मी ओसरीच्या कडेला टेकले. मग तीच बोलायला लागली.

"आमी किल्लारीचे. भूकंपात आई-बाप गेले. ह्यो सहा वर्षांचा, आईच्या खाली दबलेला. दुसऱ्या दिवशी काढला. तवापासून कवा छताखाली झोपला न्हाई. पावसात बी बाहेर, पोतं पांघरून. दार लावलं की वरडायचा, भिंतीवर डोकं आपटायचा."

"हे कोर्टात सांगितलंत?"

"दर तारखेला जायची की. बाहेरच्या बाकड्यावर बसायची. कुणी इचारलंच न्हाई." तिनं सूप पुन्हा उचललं आणि विचारलं, "ताई, तिथं त्याला कसल्या खोलीत ठिवलंय?"

तो एकट्याच्या बंद कोठडीत होता. मी तिला म्हणाले, मोठी खोली आहे, खिडक्या आहेत. खोटं बोलले.

आधीचा वकील लातूरचा, सरकारनं दिलेला. माणूस गोड बोलणारा. चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, सकाळी दोषी ठरवलं, दुपारी शिक्षेवर बोला म्हणाले. मधे जेवणाची सुट्टी. तेवढ्यात मी किल्लारीला जाऊन येऊ का?"

"खटला तीन वर्षं चालला ना?"

तो हसला. मी चहा तसाच ठेवून उठले.

मेलेल्या जोडप्याची मुलगी हिमायतनगरला शिक्षिका आहे. तिच्याकडे जायची गरज नाही, असं नव्या वकिलांचं मत होतं. तरी गेले. तिनं मला दारातच उभं केलं.

"साक्षीपुरतं बोलावलं मला. निकाल टीव्हीवर कळला. माझे आई-वडील कसे होते, हे आजवर एका माणसानं विचारलं नाही. आणि तुम्ही त्याच्या लहानपणासाठी गावोगाव फिरून राहिल्या!"

"म्हणूनच आले," मी म्हणाले. "तुम्ही सांगाल ते लिहीन."

"लिहा मग. मला त्याचं तोंड बघायचं नाही. पण माझ्या नावावर ह्या सरकारी वकिलांनी परस्पर फाशी मागितली, मला न विचारता. ते पण लिहा."

मी बहिणीचं आणि मुलीचं, दोन्ही लिहिलं. बहिणीनं ट्रंकेत जपलेला, बंद जागेच्या त्याच्या भीतीची नोंद असलेला, भूकंपानंतरच्या छावणीतल्या डॉक्टरचा कागदही जोडला. वरच्या कोर्टानं फाशीची जन्मठेप केली. मला आनंद झाला म्हणू? नाही झाला. हा कागद पहिल्या दिवसापासून ट्रंकेत होता. बहीण कोर्टाच्या दाराशी बसून होती. आत बसलेल्या एकालाही उठून तिच्यापर्यंत यावंसं वाटलं नाही.

पुढं फाशीच्या खटल्यांत सुधारणा सुचवणाऱ्या समितीपुढे मला बोलावलं. मी सांगितलं: दोषी ठरवल्यावर त्याच दिवशी शिक्षा देऊ नका. आधी त्याच्या घरी कुणीतरी जाऊन या. मेलेल्यांच्या घरच्यांनाही विचारा, कळवा.

एक साहेब म्हणाले, "सूचना चांगल्या आहेत. पण गावोगाव फिरायला माणसं कुठून आणायची?"

"फाशी द्यायला आणता ना माणूस? तिथूनच आणा."

साहेबांनी माझे कागद एकावर एक नीट रचले, टाचणी लावली आणि म्हणाले, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.