सासरे कुपवाडला राहायला आले तेव्हा

आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. इलेक्ट्रिकलला आणखी एक होती. माझं माहेर विट्याचं, तिचं बार्शीकडचं. सांगलीच्या वसतिगृहात आम्ही दोघी चार वर्षं एका खोलीत राहिलो. शेवटच्या वर्षी ती कॉलेजात पहिली आली. मी पहिल्या दहांतही नव्हते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बॅचचा मेळावा झाला. प्रत्येकानं स्टेजवर येऊन तीन मिनिटांत आपलं सांगायचं, असं ठरलं होतं. मुलं आता साठीला टेकलेली. कुणी परदेशातला प्रकल्प सांगितला, कुणी स्वतःचा कारखाना, कुणी नातवंडांचे फोटो दाखवले. मी सांगितलं की कुपवाडच्या एकाच कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि उत्पादनप्रमुख म्हणून निवृत्त झाले. टाळ्या बऱ्या पडल्या. मैत्रीण आली, "मी गणिताच्या शिकवण्या घेते," एवढं म्हणाली आणि खाली उतरली.

चहाच्या वेळी तिनं मला बाजूला घेतलं. "लग्न, मूल, आणि एकाच ठिकाणी एवढी वर्षं नोकरी. कसं जमलं गं तुला?"

मी तिला मामांची गोष्ट सांगितली. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात आणि सासूला आत्या.

कुपवाडच्या त्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग होत. मालक स्वतः इंजिनिअर. मला घेताना ते स्पष्टच म्हणाले होते, "मुली ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. सहा महिने बघू." तिसऱ्या महिन्यात शाफ्टचा एक लॉट माझ्यापुढे आला. बेअरिंग बसते तिथे व्यास पाच शतांश मिलिमीटर कमी भरत होता. ज्यांनी लेथवर ते शाफ्ट कातले ते टर्नर माझ्या वडिलांच्या वयाचे. "बाई, एवढ्यानं काय होतंय?" ते म्हणाले. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतः मायक्रोमीटर घेऊन दहा-बारा शाफ्ट मोजले आणि सगळा लॉट मागे पाठवला. सहा महिन्यांचा विषय त्यांनी परत काढला नाही. त्या टर्नरांनीच पुढे मला लेथवर हात बसवायला शिकवलं.

सासर मिळालं ते साताऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. नवरा सिव्हिल इंजिनिअर, फलटणला कालव्यावर नेमणुकीला. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा थोडा ऊस. आत्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी कुपवाडला दोन खोल्या घेऊन राहायची, नवरा शनिवारी यायचा. दोघांनाही ते फार जड जात नव्हतं. मुलगी झाली आणि सगळं बदललं.

रजा संपत आली. माझी आई वडिलांच्या आजारपणात अडकलेली. बाळाला सांभाळायला एक बाई मिळाल्या, त्या पंधरा दिवसांत सोडून गेल्या. पाळणाघर तेव्हा आमच्या भागात कुणी ऐकलेलंही नव्हतं. मी राजीनामा लिहिला आणि तो पर्समध्ये ठेवूनच गावी गेले.

मामा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. फौज सोडून बरीच वर्षं झाली होती, पण रविवारचं पॉलिश सुटलं नव्हतं. नवऱ्यानं त्यांना राजीनाम्याचं सांगितलं. ते ब्रश फिरवत राहिले. मग मला म्हणाले, "सूनबाई, कंपनीत तुमचं काम काय असतंय?"

"झालेला माल बरोबर आहे का ते तपासायचं. चुकला असेल तर परत पाठवायचा."

"आन तुमी नसलात तर?"

"दुसरं कुणीतरी तपासेल."

"तुमच्यावानी?"

त्यांनी बूट खाली ठेवला.

"मी बॉर्डरला हुतो तवा तुमच्या आत्यांनी घर, शेत, पोरगं, समदं एकटीनं वढलं. मी सुट्टीवर यायचो, जेवायचो, जायचो. कवा इचारलं बी न्हाई, कसं करतीस म्हून. आता इचारायला ती न्हाई." मग म्हणाले, "ते पत्र ठिवा बाजूला. सोमवारपास्नं मी हाय."

आम्हाला वाटलं, बोलून गेले असतील. पण त्यांनी ऊस चुलतभावाला वाट्यानं लावून दिला आणि सोमवारी सकाळी सांगलीच्या स्टँडवर उतरले. बरोबर फौजेतली काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि हुद्दा. रिक्षावाल्यानं ती उचलायला हात लावला तर त्याला उचलू दिली नाही.

पहिला आठवडा कठीण गेला. मामांनी आयुष्यात कधी तान्हं मूल पाच मिनिटांच्या वर धरलं नव्हतं. दुपटं बदलायला मी शिकवलं, तेव्हा त्यांनी ते बंदुकीचे भाग जोडायला शिकावं तसं शिकून घेतलं. एकदा बघितलं, दोनदा केलं, मग मला हात लावू दिला नाही. बाळाच्या दुधाच्या, झोपेच्या, अंघोळीच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. दुपारच्या सुट्टीत ते बाळाला घेऊन कारखान्याच्या गेटवर यायचे. वॉचमन स्वतः माजी फौजी होता. हवालदारसाहेब आले म्हणून तो सॅल्यूट करायचा आणि आपली केबिन रिकामी करून द्यायचा. मी आत बसून बाळाला पाजायची आणि बाहेर ते दोघं काश्मीरच्या गोष्टी करत उभे असायचे.

शेजारच्या बायकांना सुरुवातीला काही समजेना. एकीनं विचारलं, "आजोबा, घरात बाईमाणूस नाही का?"

"हाय की," मामा म्हणाले. "ड्यूटीवर गेलीया."

गावाकडच्या लोकांचं मात्र अवघड होतं. एका लग्नात भावकीतल्या कुणीतरी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हवालदार, सुनंच्या घरी पोर संबाळायला ऱ्हायलाय म्हनं?"

"व्हय," मामा म्हणाले. "लय अवघड पोस्टिंग हाय गड्या. तुला न्हाई झेपायची."

पंगत हसली. पण परतीच्या एसटीत मामा कऱ्हाड येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला गावी राहायचं असेल तर सांगा. मी करीन काहीतरी."

मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. तिच्या तोंडावर ऊन येत होतं, तिथे त्यांनी टोपी आडवी धरली. "कोण काय म्हनलं म्हून पोस्ट सोडायची नसती," एवढंच म्हणाले.

माझ्या बाजूनं सगळं सरळ होतं असं नाही. मुलगी दोन वर्षांची असताना तिला ताप भरला. मी कामावरून धावत आले. ती मामांच्या खांद्यावर होती. मी हात पुढे केले तशी तिनं मान फिरवली आणि "आबा" म्हणून त्यांच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. मी हात मागे घेतले. मग आत जाऊन उगीचच भांडी लावायला लागले.

त्यानंतर मामांनी एक नवीन प्रकार सुरू केला. मी घरात पाऊल टाकलं की ते गणपतीला जाऊन येतो म्हणत चप्पल घालून बाहेर पडायचे आणि दीड-दोन तास येतच नसत. पोरगी रडली तरी मागे वळून बघायचे नाहीत. मला वाटलं, दमले असतील, कंटाळले असतील. मनात थोडा रागही आला. दिवसभर थकून आलेल्या मला एका रडक्या मुलीजवळ सोडून हे फिरायला जातात. पण त्या दीड तासात तिला माझ्याशिवाय कुणी नसायचं. आधी रडायची, मग मला खेळणी आणून द्यायला लागली, मग दारात माझी वाट बघायला लागली. ते गणपतीच्या देवळापर्यंतही जात नव्हते, कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात नुसते बसून असायचे, हे मला त्या दुकानदाराकडून कळलं. तोवर मुलगी शाळेत जायला लागली होती. मी मामांना त्याबद्दल कधी विचारलं नाही.

शाळेसाठी ते वेण्या घालायला शिकले. आधी काथ्याच्या दोरीवर सराव केला. वेण्या इतक्या घट्ट घालायचे की मुलीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. पालकसभेला तेच जायचे आणि सगळ्यांत पुढे ताठ बसायचे. बाईंनी एकदा मला सांगितलं, "तुमचे सासरे आले की आम्हीच सावधान होतो."

ते पंधरा वर्षांहून जास्त राहिले. मुलगी फिजिओथेरपी शिकायला पुण्याला गेली, त्याच आठवड्यात त्यांनी ट्रंक भरली. मी राहा म्हटलं. "हितलं काम झालं," म्हणाले.

गावी गेल्यावर दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी नवऱ्याला म्हटलं, "आता तरी मी सोडते नोकरी." मला मनापासून तसं वाटत होतं. त्याच वर्षी मला उत्पादनप्रमुख केलं होतं.

"त्यांनी तुझा राजीनामा एकदा बाजूला ठेवायला लावलाय," तो म्हणाला. "आणि वडील माझे आहेत. मी त्यांच्याबरोबर सलग महिनाभरसुद्धा राहिलेलो नाही. आधी ते फौजेत, मग मी होस्टेलवर, मग ते तुझ्याकडे."

त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. कार्यालयातल्या लोकांनी समजावलं, बढती तोंडावर आहे, माणूस ठेवा. त्यानं ऐकलं नाही. गावी जाऊन राहिला. भाकरी थापायला शिकला, मामांना अंघोळ घालायला शिकला, आणि वाट्यानं दिलेला ऊस स्वतःकडे घेतला. मी शनिवारी सांगलीहून निघायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मुलगी सुट्टीला आली की व्यायाम घ्यायची. "आबा, हात वर. अजून वर. कारणं सांगायची नाहीत." हवालदार मुकाट्यानं हुकूम पाळायचे.

हळूहळू त्यांचे थोडे शब्द परत आले. मी दारात दिसले की ते ओठ जुळवून, कष्टानं विचारायचे, "माल... पास?" मी कुठला लॉट गेला, कुठला अडवला ते सांगायची. अडवलेल्यांबद्दल त्यांना जास्त ऐकायचं असायचं.

साडेतीन वर्षं त्यांनी काढली. एका मंगळवारी दुपारी मी मशीनशॉपमध्ये असताना नवऱ्याचा फोन आला. जेवले, आडवे झाले, आणि गेले. मी चारला गावी पोचले. मागोमाग कारखान्याची गाडी आली. त्यातून मालक आणि ते जुने टर्नर उतरले, आणि तो वॉचमनही. वॉचमन कधीच निवृत्त झाला होता. त्यानं अंगणात उभं राहून सॅल्यूट केला.

मैत्रीण सगळं ऐकत होती. तिच्या हातातला चहा निवून गेला होता.

"मला कुणी अडवलं नाही गं," ती म्हणाली. "नवरा नेहमी म्हणायचा, कर की नोकरी. सासूबाईही म्हणायच्या. दर तीन वर्षांनी बदली आणि दोन मुलं. कर म्हणणारे पुष्कळ होते. ट्रंक घेऊन कुणी आलं नाही."

मग हसून म्हणाली, "शिकवण्या मला आवडतात, हे खोटं नाही. मुलं चांगली शिकतात माझ्याकडे. पण मिक्सर बिघडला तर अजून दुरुस्तीला देत नाही मी. आधी उघडते."

खरं सांगायचं तर इतकी वर्षं माझ्या मनात एक गोष्ट होती. ती माझ्यापेक्षा हुशार, पण चिकाटी माझी जास्त, असं मी धरून चालले होते. तिचं नाव निघालं की मी मनात तसं म्हणायची. त्या दुपारी कॉलेजच्या कँटीनबाहेर उभी असताना मला तसं म्हणता येईना. मी दोघींसाठी गरम चहा आणला आणि आम्ही वसतिगृहाच्या मेसबद्दल बोलत बसलो.

आता मी निवृत्त होऊन गावी आले आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा आणि मी आठवड्याचे सातही दिवस एका घरात आहोत. हे वाटलं तितकं सोपं निघालं नाही. स्वयंपाकघर त्याचं आहे. पहिल्याच सकाळी मी साखर शोधत सगळे डबे उघडले, तर तो म्हणाला, "विचारलं असतंस तर सांगितलं असतं." त्याला उठल्याबरोबर रेडिओ लागतो, मला शांतता लागते. मी जेवताना फार भरभर खाते असं त्याचं म्हणणं आहे. मी सांगितलं, कारखान्यात अर्ध्या तासाची सुट्टी असते.

परवा उसाच्या ठिबकवरून आमचं वाजलं. शेवटच्या सऱ्यांना पाणी कमी पोचतं. तो म्हणतो, जमिनीचा उतार बघायला हवा, मी म्हणते, पाइपचा व्यास चुकलाय. तासभर बांधावर उभे राहून आम्ही भांडलो. शेवटी तो घरी जाऊन वही घेऊन आला आणि आम्ही दोघं उसात शिरलो. त्यानं टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. अर्ध्या सऱ्या मोजून झाल्या आहेत. उरलेल्या उद्या.